एका घरातले चार रिपोर्ट

आमच्याकडे दवाखान्यात जाऊन सुई, सलाईन किंवा निदान गोळ्यांची पुडी न घेता माणूस घरी परतला, तर त्याला तपासलंच नाही असं समजतात. तालुक्याला जायचं म्हणजे दिवसाची मजुरी बुडते, एसटीचं भाडं लागतं, वरून तपासण्यांचे पैसे. एवढं करून डॉक्टर म्हणतात, 'आत्ता औषधाची गरज नाही, सहा महिन्यांनी या.' हे ऐकून घेणं फार जड जातं. माझ्या भावाला नेमकं हेच सांगितलं गेलं. त्याच दिवशी, त्याच टेबलावर, त्याच विषाणूसाठी, म्हणजे यकृतात मुक्काम करणाऱ्या हेपॅटायटिस बीसाठी, आईला मात्र कदाचित जन्मभर घ्यावी लागेल अशी गोळी सुरू झाली. घरी आल्यावर आई त्याला म्हणाली, "मले दवाई अन् तुले नाई, असं काहून? तुयाकडे पाह्यलं तरी का त्यायनं?"

आईचा तो प्रश्न अगदी बरोबर होता. हेपॅटायटिस बी झालेल्या प्रत्येक घराला तो पडतो आणि घाईच्या ओपीडीत त्याचं उत्तर द्यायला कुणाला वेळ नसतो. मी बी.एस्सी. झालेली, म्हणून घरातले सगळे कागद माझ्यापुढे येतात. ते समोर ठेवून जे कळत गेलं, ते इथे लिहिते आहे.

आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात, कपाशी, तूर आणि सोयाबीनचं. गावात जयंतीनिमित्त रक्तदान शिबिर झालं, भावाने रक्त दिलं. दान केलेलं प्रत्येक रक्त एचआयव्ही, हेपॅटायटिस बी, हेपॅटायटिस सी, सिफिलिस आणि मलेरिया यांसाठी तपासावंच लागतं. रक्तपेढीतून फोन आला, 'एकदा येऊन भेटा.' भावाचं वय अडतीस, वावरात दिवसभर राबणारा, डोळे पांढरेस्वच्छ, भूक चांगली. कागदावर मात्र लिहिलेलं, 'एचबीएसएजी रिॲक्टिव्ह.' गावात याला पांढरी कावीळ म्हणतात, आणि ते नाव उच्चारलं की समोरचा माणूस एक पाऊल मागे सरकतो. जिल्ह्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टर मॅडमनी पहिलं सांगितलं ते हे, की घरातल्या सगळ्यांची तपासणी करा. आई, मी, वहिनी, भाची. लहानगीचा कागद वेगळा काढला तर मोठ्यांचे चार रिपोर्ट झाले, आणि चारही वेगळे निघाले.

एचबीएसएजी म्हणजे विषाणूच्या बाहेरच्या आवरणातलं प्रथिन. ते रक्तात सापडलं, म्हणजे विषाणू शरीरात आहे. अमेरिकेतल्या बारूक ब्लूमबर्ग यांना 1960 च्या दशकात ऑस्ट्रेलियातल्या एका आदिवासी माणसाच्या रक्तात ते पहिल्यांदा दिसलं, म्हणून जुन्या लॅबच्या कागदांवर अजूनही 'ऑस्ट्रेलिया अँटिजेन' असं छापलेलं आढळतं. या कामासाठी ब्लूमबर्ग यांना 1976 चं नोबेल मिळालं. त्यांचा जन्मदिवस 28 जुलै, तोच जागतिक हेपॅटायटिस दिन. सहा महिन्यांपेक्षा जास्त काळ एचबीएसएजी राहिलं तर आजार दीर्घकाळचा धरतात. पण हा एकटा कागद याहून जास्त काही सांगत नाही. विषाणू किती वाढतोय, यकृताला सूज आहे का, यकृत आतून किती कडक झालंय, यातलं काहीच त्यावरून कळत नाही. गावोगाव लोक याच एका कागदावर रडतात, लग्नं मोडतात, नोकरीची आशा सोडतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने 2022 मध्ये जगात सुमारे 25 कोटी 40 लाख माणसं या विषाणूसोबत जगत होती, त्यातली जवळपास 3 कोटी एकट्या भारतात. त्यातल्या बहुतेकांना हे ठाऊकही नाही.

आईचाही रिपोर्ट पॉझिटिव्ह आला तेव्हा ती भावाला एवढंच म्हणाली, "म्याच देल्लं का रे बापू तुले हे?"

बहुधा हो. बाळंतपणात आईकडून बाळाला लागण झाली तर दहातल्या नऊ बाळांत हा विषाणू कायमचा मुक्काम करतो. प्रौढपणी लागण झाली तर शंभरातल्या पंचाण्णवांहून अधिक माणसं स्वतःच्या प्रतिकारशक्तीवर त्याला हुसकून लावतात. भाऊ जन्मला तेव्हा या भागात गरोदर बाईची अशी तपासणी होत नव्हती, बाळासाठी लस मिळत नव्हती. आपल्या देशात सरकारी लसीकरणात ही लस आधी 2002 च्या सुमारास थोड्या ठिकाणी आली आणि देशभर पोचायला 2011 उजाडलं. आईला तो कुठून आला? एकच सुई उकळून वापरायचे दिवस तिने पाहिलेत, तिची बाळंतपणं घरी झालीत, हातावर गोंदण आहे. यातलं कोणतं कारण, हे आता कुणीच सांगू शकणार नाही. तिला मी हे सगळं सनावळीसकट सांगितलं, पुन्हा पुन्हा सांगितलं. ज्या बाईच्या हातात त्या वेळी काहीच नव्हतं, तिच्यावर दोष ठेवायला मी कुणालाही देणार नाही, तिला स्वतःलाही नाही.

माझा कागद वेगळाच निघाला. एचबीएसएजी निगेटिव्ह, पण अँटी-एचबीसी आणि अँटी-एचबीएस, म्हणजे या विषाणूविरुद्ध शरीराने बनवलेली प्रतिद्रव्यं, दोन्ही पॉझिटिव्ह. म्हणजे कधीतरी विषाणू माझ्याही अंगात शिरला आणि शरीराने त्याला आवरलं. एकाच आईची दोन लेकरं, एकाला तो चिकटून राहिला, एकीला सोडून गेला. मला औषध नको, लस नको. फक्त पुढे कधी कॅन्सरची केमोथेरपी किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घ्यायची वेळ आली, तर आधी हा कागद दाखवायचा, कारण यकृतात उरलेला अंश अशा वेळी पुन्हा उठू शकतो. मी तो आधारकार्डाच्या झेरॉक्ससोबत ठेवलाय.

आता आईचं. तिच्या पहिल्या रिपोर्टवर एसजीपीटी 38 होतं. लॅबने बाजूला मर्यादा छापलेली 45 पर्यंत, त्यामुळे आकड्यापुढे चांदणी नाही, ठळक अक्षर नाही. गावातला कुणीही कागद बघून म्हणाला असता, लिव्हर ठणठणीत. डॉक्टर मॅडमनी मात्र तो आकडा पेनाने गोल केला. एसजीपीटी हे यकृताच्या पेशीतलं एन्झाइम, पेशी दुखावली की ते रक्तात उतरतं. लॅबवाले छापतात ती मर्यादा बरीच सैल असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2024 च्या मार्गदर्शक सूचनांत पुरुषांसाठी 30 आणि बायकांसाठी 19 हीच वरची मर्यादा धरली आहे. त्या हिशेबाने आईचं एसजीपीटी दुप्पट होतं. मला वाटतं, या एका गोष्टीपायी आपल्याकडे कितीतरी बायका 'नॉर्मल' म्हणून घरी पाठवल्या जात असतील.

मग डीएनए तपासणी. यात रक्ताच्या एका मिलिलिटरमध्ये विषाणू किती, ते मोजतात. आईचा आकडा 46,000 आंतरराष्ट्रीय युनिट. तिचं ई अँटिजेन, म्हणजे विषाणू वाढताना रक्तात सोडतो ते आणखी एक प्रथिन, निगेटिव्ह होतं. ई निगेटिव्ह म्हणजे विषाणू थंड पडलाय, असं पूर्वी समजायचे. पण विषाणूत एक बदल झाला की तो ई बनवणं थांबवतो आणि वाढत मात्र राहतो. आईचं तेच झालं होतं.

तिसरी गोष्ट यकृताचा कडकपणा. तो मोजणारं फायब्रोस्कॅनचं मशीन सगळीकडे नसतं, आम्हाला नागपूर गाठावं लागलं. तिथे जायच्या आधीच मॅडमनी साध्या कागदावर एक गणित करून दाखवलं. ते मी इथे देते, कारण त्याला मशीन लागत नाही, तालुक्याच्या लॅबमधले दोन आकडे पुरतात. एसजीओटी, म्हणजे एसजीपीटीसारखंच दुसरं एन्झाइम, त्याला त्याच्या वरच्या मर्यादेने भागायचं, शंभराने गुणायचं आणि हजारांत मोजलेल्या प्लेटलेटने भागायचं. आईचं एसजीओटी 42, मर्यादा 40, प्लेटलेट दीड लाख. म्हणजे 105 भागिले 150, उत्तर 0.7. याला एपीआरआय म्हणतात. 0.5 च्या वर गेलं तर यकृतात व्रण साचू लागल्याची शक्यता धरतात आणि 1 च्या वर गेलं तर सिरोसिसची, म्हणजे यकृत व्रणांनी भरून आकसल्याची. नागपूरला फायब्रोस्कॅन 9.8 किलोपास्कल आला. तिथे 7 च्या वर दखल घेण्याजोगा फायब्रोसिस, म्हणजे तेच व्रण, आणि 12.5 च्या वर सिरोसिस धरतात. दोन्ही मापांनी एकच सांगितलं, की सिरोसिस झालेला नाही, पण वाट त्याच दिशेची आहे. आईला कसलाही त्रास नव्हता. यकृत दुखत नाही, शेवटपर्यंत कुरकुरत नाही, म्हणून त्याची चौकशी आपणच करावी लागते.

गोळी कोणती, हाही एक निर्णयच होता. मुख्य औषधं दोन, टेनोफोविर आणि एन्टेकाविर. दोन्ही रोज एक, दोन्ही विषाणूला चांगली दाबतात. पूर्वी लॅमिवुडिन देत, पण ते काही वर्षांत विषाणूला सरावाचं होऊन जायचं, म्हणून आता एकट्याने देत नाहीत. एन्टेकाविर रिकाम्या पोटी घ्यायचं असतं, जेवणानंतर दोन तासांनी आणि पुढच्या खाण्याच्या दोन तास आधी. माझी आई पहाटे उठते, चहासोबत शिळी भाकर खाते, वावरात शिदोरी सोडते, संध्याकाळी पुन्हा चुलीपाशी खाता खाता रांधते. तिच्या दिवसात असे मोकळे चार तास शोधायचे कुठे? टेनोफोविर जेवणासोबत चालतं, म्हणून ते ठरलं. टेनोफोविरचा धोका मूत्रपिंडाला आणि हाडांना. म्हणून आधी क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाचं काम दाखवणारा रक्तातला आकडा, तपासलं, आणि एचआयव्हीही, कारण एचआयव्ही असेल तर हे एकटं औषध देता येत नाही. हाडं ठिसूळ असतील, वय साठीपुढे असेल किंवा मूत्रपिंड कमजोर असेल तर एन्टेकाविर किंवा टेनोफोविरचाच दुसरा, मूत्रपिंडाला सौम्य प्रकार निवडतात.

इथे मॅडमनी विचारलेला एक प्रश्न मला फार मोलाचा वाटला. "अंगदुखीची गोळी खाता का आजी?" कापूस वेचायच्या दिवसांत आमच्याकडच्या बायका किराणा दुकानातून दुखण्याची गोळी आणून चहासोबत घेतात. कंबर धरते, हात भरून येतात, दुसऱ्या दिवशी पुन्हा वेचणीला जायचं असतं. अशा गोळ्या नेमाने घेतल्या आणि वरून टेनोफोविर असलं की मूत्रपिंडावर दोन्हीकडून ताण येतो. आईने ती गोळी सोडली. सोपं नव्हतं ते तिला. आता वेचणीचं वजन कमी भरतं आणि मजुरीही तेवढीच कमी येते. उपचाराचा हा खर्च कुठल्याच बिलात दिसत नाही.

वर्षभराने तिच्या रक्तात विषाणूचा डीएनए सापडला नाही. एसजीपीटी 17. आम्ही आनंदलो, तोच कुणाच्या तरी सांगण्यावरून एचबीएसएजीही पुन्हा काढलं गेलं आणि ते पॉझिटिव्हच आलं. आईचा चेहरा पडला. "मंग येवढ्या गोळ्या कायले खाल्ल्या म्या?" तिला समजेल असं उदाहरण वावरातच होतं. काळ्या जमिनीतला कुंदा वरून कितीही कापला तरी खाली मूळ राहतं. कापत राहिलं तर पीक वाचतं, कापणं थांबवलं की महिन्याभरात वावर पुन्हा कुंद्याचं. हेपॅटायटिस बी आपल्या जनुकाची एक प्रत यकृताच्या पेशीच्या केंद्रकात ठेवून देतो. आजच्या गोळ्या त्या प्रतीपर्यंत पोचत नाहीत. त्या फक्त तिच्यावरून नवे विषाणू तयार होऊ देत नाहीत. एचबीएसएजी पूर्ण नाहीसं होणं वर्षाला शंभरात एखाद्याच्या वाट्याला येतं. म्हणून गोळी चालू असताना बघायचं ते डीएनए, एसजीपीटी आणि क्रिएटिनिन. आणि गोळी आपल्या मनाने कधीही बंद करायची नाही. अचानक सोडली तर दबलेला विषाणू उसळतो, त्यात यकृत निकामी होऊन माणसं दगावली आहेत. पाऊस लागला, पूल बुडाला, एसटी बंद झाली, हे आमच्याकडे दरवर्षीचं. त्यामुळे आईच्या डब्यात पावसाळ्याआधीच जास्तीच्या गोळ्या मागून ठेवतो.

भावाचा निर्णय खरा अवघड होता, आजही आहे. त्याचा पहिला डीएनए 1,480, एसजीपीटी 27, फायब्रोस्कॅन 5.4. ई अँटिजेन निगेटिव्ह. सगळं मर्यादेच्या आत. अशा माणसात विषाणू आणि शरीर यांची एक तडजोड झालेली असते, आणि गोळीचा फायदा थोडा, जन्मभराचं बंधन मोठं. औषध सुरू करण्यासाठी साधारणपणे डीएनए 2,000 च्या वर आणि सोबत एसजीपीटी मर्यादेबाहेर, किंवा मग यकृतात फायब्रोसिस, असं काही दिसावं लागतं. म्हणून 'सहा महिन्यांनी या'. तारीख, तपासणी आणि तुलना मिळूनच त्याचा उपचार होतो. ती तारीख चुकली की मात्र उपचारच चुकला.

सहा महिन्यांनी आकडे आले, डीएनए 2,900 आणि एसजीपीटी 41. दोन्ही रेषा ओलांडलेल्या. आम्हाला वाटलं, आता गोळी सुरू होणार. मॅडमनी कागद बाजूला ठेवून विचारलं, "या दोन महिन्यांत नवीन काय खाल्लं, काय प्यायलं?" भाऊ गप्प. मग कळलं, काकाने त्याला शेजारच्या तालुक्यात कावीळ उतरवणाऱ्याकडे नेलं होतं. रोज सकाळी झाडपाल्याचा काढा चालू होता. या काढ्यांवर आमच्याकडे एवढा विश्वास का आहे, तेही मला कळतं. दूषित पाण्यातून होणारी कावीळ, म्हणजे हेपॅटायटिस ए किंवा ई, बहुतेकदा काही आठवड्यांत आपोआप बरी होते आणि श्रेय त्या वेळी गळ्यात असलेल्या माळेला किंवा पोटातल्या काढ्याला जातं. हेपॅटायटिस बी तसा जात नाही, आणि दुखऱ्या यकृतावर काढ्याचं ओझं वाढतं. कोविडच्या काळात गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेले रुग्ण मुंबईच्या डॉक्टरांनी वैद्यकीय नियतकालिकात नोंदवले आहेत. घरच्या अंगणातली वेल म्हणून ती निरुपद्रवी, असं धरून चालत नाही. काढा बंद झाला. तीन महिन्यांनी डीएनए 1,100, एसजीपीटी 26.

पण मग मॅडमनी विचारलं, घरात कुणाला सिरोसिस किंवा यकृताचा कॅन्सर झाला होता का? आई म्हणाली, तिचा भाऊ. आमचा मामा पंचेचाळिशीच्या आत गेला. पोटात पाणी भरलं, पाय काडीसारखे झाले, शेवटी रक्ताची उलटी. लोक म्हणाले दारू. मामा माळकरी होता, थेंबाला शिवला नाही. त्याची कुणी एचबीएसएजी तपासणी केली नाही, कुठलाही कागद नाही. आता हा 'घराण्यातला इतिहास' धरायचा की नाही? 2024 च्या त्याच सूचनांत घरात सिरोसिस किंवा यकृताचा कॅन्सर असेल तर आकडे कमी असले तरी औषधाचा विचार करा, असं म्हटलंय. मॅडमनी दोन्ही बाजू मांडल्या. एक, आत्ताच गोळी सुरू करायची, कॅन्सरचा धोका कमी होतो पण शून्य होत नाही. दोन, गोळी नको, पण सहा महिन्यांनी रक्त आणि सोनोग्राफी कधीही चुकवायची नाही. कोणती वाट घ्यायची ते त्यांनी भावावर सोडलं. हातात दोन खऱ्या वाटा ठेवणारा डॉक्टर आमच्या भागात विरळा, आणि अशा वेळी रुग्ण गोंधळतो, 'तुम्हीच सांगा ना साहेब' म्हणतो. भावाने दुसरी वाट घेतली.

वहिनीचं एचबीएसएजी निगेटिव्ह होतं, लस झालेली नव्हती. तिला तीन डोस दिले, नंतर अँटी-एचबीएस मोजलं, 10 च्या वर आलं, प्रश्न मिटला. भाचीला जन्मल्यावर चोवीस तासांच्या आतला डोस आणि पुढे पेंटाव्हॅलंट (हेपॅटायटिस बीसकट पाच रोगांवरची एकत्र लस), सगळं माता-बाल कार्डावर होतं. आशाताईंनी ते कार्ड जपून ठेवायला लावलं होतं, तिची तपासणी निगेटिव्ह आली. त्या ताईंचे उपकार मी कधी विसरणार नाही.

काकूने भावाचं ताट-पेला वेगळा काढला होता. मी तो परत बाकीच्यात मिसळला. एका ताटात जेवल्याने, मिठी मारल्याने, एका माठातलं पाणी प्यायल्याने हा विषाणू लागत नाही. लागतो तो रक्तातून आणि शरीरसंबंधातून. दाढीचं पातं, नखं कापायचं, दातांचा ब्रश, हे वेगळं ठेवायचं, आणि सलूनमध्ये नवीन पातं मागून घ्यायचं. खाण्यात एक गोष्ट मात्र आम्ही बदलली. बुरशी लागलेल्या भुईमुगाच्या शेंगा आणि मका आता निवडून फेकतो, भाजून खपवत नाही. त्या बुरशीतलं अफ्लाटॉक्सिन भाजल्याने पुरतं जात नाही, आणि हेपॅटायटिस बी असलेल्या यकृतात कॅन्सरचा धोका ते कितीतरी पटीने वाढवतं.

खर्चाचं एक सांगायलाच हवं. खाजगी लॅबमध्ये डीएनएच्या तपासणीला हजारांत पैसे जातात आणि तिथेच बहुतेक लोक थांबतात. 28 जुलै 2018 ला देशात राष्ट्रीय विषाणूजन्य कावीळ नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. त्यातून सरकारी उपचार केंद्रांत या तपासण्या आणि औषधं मोफत मिळतात. आपल्या जिल्ह्यातलं केंद्र कुठे आहे, हे जिल्हा रुग्णालयात विचारावं. नाव नोंदलं की गोळ्या तिथूनच मिळतात. आमच्या गावात आता अजून दोन घरांनी तपासणी करून घेतली आहे. त्यांचे कागदही माझ्याकडे येतात, आणि मी पहिल्यांदा सगळे जुने कागद तारखेप्रमाणे लावायला सांगते, कारण एकट्या आकड्याला काही अर्थ नसतो.

आईला यकृताचा कडकपणा असल्यामुळे तिची सोनोग्राफी दर सहा महिन्यांनी होते, सोबत यकृताच्या कॅन्सरचा इशारा देणारी एएफपीची रक्ततपासणी. ती आता रात्री जेवण झाल्यावर स्वतःच गोळी घेते, कुणी आठवण करावी लागत नाही. भावाचं आणि माझं मात्र अजून जमलेलं नाही. मामाचं ते पोट मी डोळ्यांनी पाहिलंय, त्यामुळे त्याच्या जागी मी असते तर आजच गोळी सुरू केली असती. तो म्हणतो, "ताई, आकडे बरे असतांना जन्मभराचं बांधून कायले घेऊ? मी तारीख चुकवत नाई ना." आणि खरंच, तो चुकवत नाही. फायब्रोस्कॅन 7 च्या वर गेला, किंवा कुठलंही बाहेरचं कारण नसताना डीएनए आणि एसजीपीटी एकत्र वर गेले, तर गोळी सुरू करायची, हे त्याने मॅडमसोबत आधीच ठरवून फाइलीवर लिहून घेतलंय. सोयाबीन निघाल्यावर, कापसाची पहिली वेचणी लागायच्या आत, त्याची पुढची तपासणी आहे. आकडे आले की आम्ही पुन्हा भांडू.